काठावरचा पुढारी आणि आपला सवाल



निवडणूक जवळ आली की पाड्यापाड्यावर दोन बोलणी ऐकू येतात. पहिलं बोलणं असं: "आपला उमेदवार भला माणूस आहे. पण या भागात हवा दुसऱ्या पक्षाची. बिचारा आधीच काठावर आहे. आत्ता वनजमिनीचा विषय काढून त्याला अडचणीत आणू नका. निवडून आला की बघू." दुसरं बोलणं असं: "सगळे एकाच माळेचे मणी. आजवर मत देऊन काय मिळालं? त्या दिवशी मजुरीला गेलेलं बरं." दोन्ही बोलणी आपलीच माणसं करतात. दोन्हीत थोडं थोडं खरंही आहे. म्हणून कुणावर रागावून उपयोग नाही, नीट विचार करायला हवा.

त्यासाठी या अंकात आम्ही लांबचं उदाहरण घेतलंय, अमेरिकेचं. अमेरिका म्हटलं की आपल्याला उंच इमारती आठवतात. पण त्या देशातही आदिवासी आहेत, जंगल-जमीन हिसकावून घेतलेले आहेत. १९२४ सालापर्यंत त्यांच्यातल्या पुष्कळांना नागरिकच धरलं जात नव्हतं. त्यानंतरही ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांत मताच्या हक्कासाठी १९४८ पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. काठावरच्या पुढाऱ्याचं काय करायचं, हा सवाल गेली वीस-पंचवीस वर्षं त्यांच्यापुढेही उभा आहे. त्यांनी अशा पुढाऱ्यांना निवडून आणलं, त्यांच्याशी भांडण केलं, त्यांना पडतानाही पाहिलं. त्यातून कुणाच्या पदरात काय पडलं, ते आज आपल्याला बघता येतं.

आधी तिथली रीत समजून घेऊ

अमेरिकेत मोठे पक्ष दोनच: डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. आपल्या राज्यसभेसारखं तिथे सिनेट आहे. फरक एवढा की सिनेटर लोकांच्या थेट मतांनी निवडून येतो. राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाचे दोन सिनेटर, मुदत सहा वर्षांची. आदिवासींसाठी राखीव जागा तिथे नाहीत. तिथे 'रिझर्वेशन' म्हणतात त्याचा नोकरी-शिक्षणातल्या आपल्या आरक्षणाशी संबंध नाही. सरकारशी तह होऊन, किंवा हाकलून दिल्यावर, आदिवासींकडे जो जमिनीचा तुकडा उरला, तो म्हणजे रिझर्वेशन.

नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मोंटाना ही राज्यं शेती-गुरांची, तेला-कोळशाची. तिथे हवा रिपब्लिकन पक्षाची. अशा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या माणसाला निवडून यायचं तर मधून चालावं लागतं. पक्षाचं थोडं ऐकायचं, राज्याचं जास्त. याला तिथे मवाळ म्हणतात. आपण काठावरचा पुढारी म्हणू. आणि जो काठावर असतो त्याला एकेक मत मोजावं लागतं. शंभरात पाच किंवा नऊ असलेल्या आदिवासींची आठवण त्याला येते ती इथे.

५२४ मतं

२००२ साली साउथ डकोटात टिम जॉन्सन हे डेमोक्रॅटिक सिनेटर दुसऱ्यांदा उभे होते. समोर रिपब्लिकन पक्षाचे जॉन थून. दोनच वर्षांपूर्वी त्या राज्याने रिपब्लिकन पक्षाच्या बुश यांना शंभरातली साठ मतं दिली होती. रात्रभर मोजणी चालली आणि थून पुढे होते. पहाटे शेवटी आकडे आले ते पाइन रिज रिझर्वेशनचे, ओग्लाला लकोटा आदिवासींच्या गावांचे. तिथल्या संघटनांनी वर्षभर घरोघर फिरून मतदार नोंदवले होते. त्या पेट्या मोजल्या आणि निकाल उलटला. जॉन्सन ५२४ मतांनी जिंकले. सव्वातीन लाखांहून जास्त मतांत ५२४.

"मत देऊन काय होतंय" म्हणणाऱ्या साथींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण पुढचंही ऐका. लगेच ओरड झाली की रिझर्वेशनमध्ये खोटी मतं पडली. राज्याचे ॲटर्नी जनरल हे रिपब्लिकन पक्षाचेच. त्यांनी चौकशी केली तेव्हा बहुतेक आरोपांत दम निघाला नाही. तरी पुढच्याच वर्षी राज्याने मतदानाला फोटोचं ओळखपत्र मागणारा कायदा केला. आदिवासींच्या मताने निकाल फिरला आणि मागोमाग नियम आवळले गेले. हा प्रकार पुढेही दिसतो.

हायडी हायटकँप यांची सहा वर्षं

शेजारच्या नॉर्थ डकोटात २०१२ साली हायडी हायटकँप ही डेमोक्रॅटिक बाई सिनेटला उभी राहिली. त्याच निवडणुकीत तिच्या पक्षाचे ओबामा त्या राज्यात शंभरात वीस मतांच्या आसपास मागे पडले. बाई मात्र तीन हजारांहून कमी मतांनी निवडून आली. आदिवासी गावांची मतं नसती तर आली नसती, हे तिलाही ठाऊक होतं.

तिने केलं काय? सिनेटमध्ये मांडलेलं तिचं पहिलंच विधेयक आदिवासी मुलांची दशा तपासायला आयोग नेमण्याचं होतं. त्यावर तिच्यासोबत सही होती अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांची, म्हणजे विरोधी पक्षाच्या बाईची. २०१६ साली तो कायदा झाला. पुढे आदिवासी बायका बेपत्ता होतात, मारल्या जातात आणि पोलिसांकडे त्यांची धड नोंदही नसते, यावर तिने २०१७ मध्ये 'सवाना कायदा' मांडला. २०१८ च्या डिसेंबरात सिनेटने तो मंजूर केला, पण दुसऱ्या सभागृहात अडला. तोवर बाई निवडणूक हरली होती. मग लिसा मर्कोव्स्की आणि आणखी एका सिनेटर बाईने तो पुन्हा मांडला आणि २०२० च्या ऑक्टोबरात ट्रम्प यांची त्यावर सही झाली.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू पाण्याची. २०१६ साली डकोटा ॲक्सेस नावाची तेलाची पाइपलाइन मिसुरी नदीखालून न्यायचं ठरलं, स्टँडिंग रॉक रिझर्वेशनच्या अगदी वरच्या अंगाला. आधी एक वाट बिस्मार्क शहराजवळून विचारात होती. ती सोडून दिली, आणि त्याचं एक कारण शहराच्या पिण्याच्या पाण्याला धोका हे होतं. शहराचं पाणी ते पाणी, आदिवासींचं पाणी ते काय? हजारो माणसं नदीकाठी तळ ठोकून बसली. नोव्हेंबरच्या गोठवणाऱ्या थंडीत त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले. हायटकँप बाई पाइपलाइनच्या विरोधात उभी राहिली नाही. राज्य तेलावर चालणारं, आणि तिची बाकीची मतं त्या तेलाच्या पगारावर जगणारी. २०१७ च्या जूनमध्ये पाइपमधून तेल वाहू लागलं.

आता नीट बघा, स्टँडिंग रॉकच्या लोकांनी काय केलं. "बाई आपली आहे, तिला अडचण होईल" म्हणून त्यांनी लढा थांबवला नाही. आणि "बाईने साथ दिली नाही" म्हणून २०१८ ला घरीही बसले नाहीत. लढाही दिला आणि मतही दिलं. दोन्ही एकाच माणसाला करता येतं.

घराला नंबर नाही

२०१८ च्या आधी नॉर्थ डकोटाने मतदानाचा कायदा कडक केला होता. ओळखपत्रावर घराचा रस्ता आणि नंबर पाहिजेच, पोस्टाच्या पेटीचा पत्ता चालणार नाही. रिझर्वेशनमधल्या पुष्कळ घरांना नंबरच नाही, रस्त्यांना नावं नाहीत. टपाल पोस्टातल्या पेटीत येतं. निवडणुकीला महिनासुद्धा राहिला नव्हता तेव्हा, ९ ऑक्टोबर २०१८ रोजी, तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा नियम थांबवायला नकार दिला.

आपल्याला हे नवीन आहे का? ज्या वनगावाला महसुली गावाचा दर्जा नाही, तिथे घराला नंबर मागतात. पिढ्यानपिढ्या कसलेल्या प्लॉटला दंडाची पावती मागतात. कागद द्यायचं काम ज्याचं, तोच कागद नाही म्हणून हाकलतो.

तिथल्या पंचायतींनी त्या महिन्याभरात काय केलं ते शिकण्यासारखं आहे. रडत बसले नाहीत. घरं शोधून पत्ते ठरवले, स्वतःची ओळखपत्रं छापून फुकट वाटली. टर्टल माउंटन इथे एवढी छापली की मशीन तापून बंद पडलं. रिझर्वेशनच्या भागात मतदान घटलं नाही, उलट वाढलं. आणि खटला चालूच ठेवला. २०२० साली राज्याला नमतं घ्यावं लागलं. आदिवासी पंचायतीचं ओळखपत्र मान्य झालं, आणि मतदाराने नकाशावर खूण करून आपलं घर दाखवलं तरी चालेल असं ठरलं.

पण बाई हरली. केविन क्रेमर यांच्याकडून शंभरात जवळजवळ अकरा मतांच्या फरकाने, म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास मतांनी. हा फरक एवढा मोठा होता की रिझर्वेशनमधलं राहिलेलं एकूण एक मत पडलं असतं तरी भरला नसता. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. आपलं मत काठावरच्या माणसाला तारतं, पण हवा फारच फिरली तर आपण एकटे तारू शकत नाही. मग अशा माणसाच्या भरवशावर सगळा संसार का मांडायचा?

अलास्का: आपलीच मुलगी गेली तरी

अलास्का हे उत्तरेचं बर्फाचं राज्य. तिथे पाचातला एक माणूस आदिवासी आहे. लिसा मर्कोव्स्की रिपब्लिकन पक्षाच्या, म्हणजे राज्याच्या हवेतल्याच. पण त्यांच्या पक्षातले कडवे त्यांना मवाळ म्हणून मानत नाहीत. २०१० साली पक्षाने त्यांचं तिकीटच कापलं. बाई अपक्ष उतरली, तेही मतपत्रिकेवर नाव नसताना. मतदाराने तिचं नाव हाताने लिहायचं. आदिवासींच्या कंपन्यांनी आणि गावांनी तिच्यामागे जोर लावला. लोकांनी अवघड नाव गिरवून गिरवून पाठ केलं, मनगटाच्या पट्टीवर लिहून नेलं. बाई निवडून आली. असा सिनेटर त्याआधी १९५४ साली एकदाच निवडून आला होता. २०२१ मध्ये तिने ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगात मत दिलं, आणि तरी २०२२ ला पुन्हा जिंकली.

या बाईने आदिवासींच्या पुष्कळ कामांना हात दिला, ते वर आलंच आहे. पण २०१७ च्या डिसेंबरात करांच्या कायद्यात कलम घालून उत्तरेचं राखीव वन्यप्रदेश तेलासाठी उघडायचं काम तिनेच पुढे रेटलं. तिथल्या किनाऱ्यावर कॅरिबू हरणांचे कळप विणीला येतात, आणि ग्विचिन आदिवासी त्या हरणांवर जगतात. त्यांनी जीव तोडून विरोध केला. पण त्याच किनाऱ्यावरच्या इनुपियाट आदिवासींतले पुष्कळ जण तेलाच्या बाजूने होते, कारण शाळा, दवाखाना, पगार तेलाच्या पैशातून येतो. १९७१ साली तिथे आदिवासींना जमीन मिळाली ती गावाच्या पंचायतीला मिळाली नाही, आदिवासींच्या कंपन्या काढून त्यांच्या नावावर केली. आदिवासी भागीदार झाला आणि जमिनीला नफ्याचा हिशेब चिकटला. आपल्यात फूट असली की काठावरच्या पुढाऱ्याला सोपं जातं. तो म्हणतो, "तुमच्यातलेच लोक माझ्या बाजूने आहेत." आणि ते खोटंही नसतं.

२०२२ मध्ये तर तिथे इतिहास घडला. मेरी पेल्टोला ही युपिक आदिवासी बाई अलास्काची प्रतिनिधी म्हणून खालच्या सभागृहात गेली. अलास्काच्या आदिवासींतून संसदेत गेलेली पहिलीच. आपलीच मुलगी! पण पक्ष डेमोक्रॅटिक आणि राज्य उलट हवेचं. विलो नावाच्या मोठ्या तेल प्रकल्पाला तिनेही पाठिंबा दिला. प्रकल्पाजवळच्या नुईक्सुट गावचे पुढारी विरोधात होते, बाकीच्या इनुपियाट संस्था बाजूने. २०२४ ला ती थोडक्यात हरली.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ पैकी २५ जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. आमदार आपलाच, आडनाव आपलं, बोली आपली. तरी वनहक्काच्या प्रश्नावर सभागृहात त्यातले किती उभे राहतात, हे आपण मोजलं पाहिजे. खुर्चीत आपलं माणूस बसवणं गरजेचं आहे. पण खुर्चीला तिची ओढ असते, आणि उलट बाजूने ओढणारा दोर आपल्या हातात नसेल तर आपलं माणूसही तिकडेच सरकतं.

काय उरलं?

शेवटचं उदाहरण मोंटानाचं. जॉन टेस्टर, गव्हाचा शेतकरी. २००६ साली साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी सिनेटवर गेला. सात रिझर्वेशन असलेलं ते राज्य, आणि तिथली मतं त्याच्या कामी आली. तीन वेळा तो निवडून आला. २०२४ ला ट्रम्प यांनी ते राज्य वीस मतांच्या फरकाने घेतलं आणि टेस्टर सातच्या आसपास फरकाने पडला.

माणूस गेला. मग उरलं काय? लिटल शेल नावाची जमात तिथे आहे. १८९२ च्या तहात त्यांच्या पुढाऱ्यांना डावलल्यापासून त्यांना 'भूमिहीन' हेच नाव चिकटलं होतं. आपण जमात आहोत हे सरकारने मान्य करावं म्हणून ते शंभर वर्षांच्या वर भांडले. टेस्टर यांनी त्यांचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं, आणि २०१९ च्या डिसेंबरात राज्यातल्या दोन्ही पक्षांच्या माणसांनी मिळून ते संरक्षण खर्चाच्या कायद्यातून पार केलं. क्रो, ब्लॅकफीट, फ्लॅटहेड इथल्या आदिवासींच्या पाण्याच्या हक्काचे करारही कायद्यात आले. टेस्टर पडले म्हणून यातलं काही पडलं नाही. जे कायद्यात लिहून घेतलं ते उरलं. भाषणात मिळालं होतं ते वाऱ्यावर गेलं.

आपल्याकडचं बघा. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी-आदिवासी चालत गेले, पायांना फोड आले, सरकारने लेखी आश्वासन दिलं. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा चालावं लागलं. याउलट २००६ चा वनहक्क कायदा आपण लढून लिहून घेतला. सरकारं बदलली, अंमलबजावणीत हजार खोड्या झाल्या, पण कायदा हातात आहे म्हणून आपण आजही दावा टाकतो.

मग आपण काय करायचं?

पहिलं. काठावरच्या पुढाऱ्याला शिव्या घालू नका आणि खांद्यावरही घेऊ नका. त्याला आपली गरज आहे ती निवडणुकीआधी. "आत्ता विषय काढू नका" हे म्हणणं म्हणजे बाजाराच्या दिवशी माल घरात ठेवा आणि बाजार उठल्यावर विकायला काढा, असं सांगणं.

दुसरं. काय मागायचं ते ओळखून मागा. ज्यात त्याच्या बाकीच्या मतदारांचं काही जात नाही, ते तो देईल: वनगावाला महसुली दर्जा, फेटाळलेल्या दाव्याचं कारण लेखी, उपविभागीय समितीत पडून असलेल्या फायलींची तारीख. हे आत्ताच पदरात पाडून घ्या. जिथे खाण, धरण, मोठा पैसा आहे, तिथे तो कच खाईल हे धरून चला. तिथे आपली ताकद ग्रामसभेच्या ठरावात आहे. २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. 

तिसरं. कागद. मतदार यादी, आधार, जातीचा दाखला, दाव्याची पोच. टर्टल माउंटनच्या लोकांनी महिन्यात केलं ते आपल्याला वर्षभर करता येईल. यादीतून नाव गळालं की नाही, हे मतदानाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

चौथं. पाड्यापाड्यात दोन मतं असतील तर ती ग्रामसभेत आधी बोलून घ्या. उमेदवारासमोर एक होऊन जा. तेलवाले इनुपियाट आणि हरणवाले ग्विचिन यांच्यातली भेग पुढाऱ्याच्या सोयीची ठरली, हे विसरू नका.

पाचवं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, जो निवडून आला त्याच्या दारात तोच कागद घेऊन उभे राहा. आपला पडला तरी जा. सवाना कायद्यावर आणि लिटल शेलच्या मान्यतेवर अखेर सही झाली ती दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षाची.

हा लेख येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावा, ही विनंती. वाचून झाल्यावर वहीत दोन गोष्टी लिहून ठेवा. आपल्या गावाची मतं किती, आणि गेल्या वेळी आपल्या भागात जिंकणारा आणि पडणारा यांच्यात फरक किती होता. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा, आणि मग उमेदवाराला गावात बोलवा.

जिंदाबाद!